निरोपाचा मलिदा

गाव सोडून जाणं आपल्या इतिहासाला नवीन नाही. पण आळीतल्या सगळ्यांना घरी बोलावून, त्यांचं तोंड गोड करून निघणं, हे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. आज मी सांगणार आहे ते आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या निरोपाविषयी.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचाच हा वंश, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली: नवगावकर, पेझारकर, रोहेकर. आम्हा कोकणी मुसलमानांतही अशी आडनावं पुष्कळ. घरची भाषा मराठी. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेल्या सिनेगॉगला तर ‘जुनी मशीद’ म्हणत.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झालं, तेव्हा भारतात हा समाज वीस हजारांच्या आसपास होता. पुढच्या काही दशकांत त्यातले बहुतेक तिकडे गेले. इथून त्यांना कोणी हाकललं नव्हतं. धर्मग्रंथातल्या भूमीची ओढ होती, मुलांच्या भवितव्याची आशा होती, आणि एक भाऊ गेला की दुसऱ्याचं मन इथे रमत नसे.

प्रवासाला निघण्यापूर्वी, नवस फेडताना, लग्नकार्यात हे लोक मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. ताट मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण करायचं आणि प्रसाद वाटायचा. कुराणात याच प्रेषिताचं नाव इलियास आहे. आमच्याकडे दर्ग्यावर चढतो तोही मलिदाच, फक्त पोह्यांऐवजी चपातीचा. बेने इस्राएलांच्या मलिद्यात मांस-मच्छी काही नाही. त्यामुळे ब्राह्मण, आगरी, मुसलमान, कोणीही तो बिनघोर खावा.

माझ्या लहानपणी शेजारचं एक कुटुंब असंच गेलं. मलिदा झाल्यावर त्या मावशी माझ्या आईला म्हणाल्या, “कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाल.” आई म्हणाली, “माझंही कहा-सुना माफ करा.” त्यांचा पाटा-वरवंटा आमच्याकडे राहिला. एवढा दगड बरोबर नेणार कसा?

हे आठवलं की १९४७ चा पंजाब डोळ्यांपुढे येतो. तिथे दोन्ही बाजूंची माणसं रातोरात निघाली, कोणी शेजाऱ्याच्या हाती किल्ली देऊन, कोणी तेही न करता. माफी मागायला, ताट मांडायला वेळ लागतो, आणि घाबरलेल्या माणसापाशी तो नसतो. म्हणून मला वाटतं, एखाद्या गावाची परीक्षा करायची तर तिथून माणसं गेली किती, एवढंच मोजू नये. ती निरोप घेऊन गेली का, हेही विचारावं.

तिकडे पोहोचल्यावर सगळं सुखाचं नव्हतं. काही जणांनी परत पाठवण्याची मागणी केली आणि १९५२ मध्ये ते भारतात आलेही. पुढे तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा १९६४ मध्ये त्या आदेशातून त्यांचं नाव काढण्यात आलं. पण मराठी सुटली नाही. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं.

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा इथे मोजकीच माणसं उरली होती. अलिबागच्या इस्राएल आळीतलं सिनेगॉग मात्र अजून उभं आहे.

आजही आपल्या सोसायटीतलं कोणी दुबईला, कोणी अमेरिकेला जातं. पुष्कळदा ट्रक लागल्यावरच शेजाऱ्याला कळतं. जाणाऱ्याला वेळ नसेल, तर ताट आपण मांडावं. पोहे, नारळ आणि साखर एवढं तर प्रत्येकाच्या घरात असतं.