तळेगावचे सेनापतिपद

एप्रिल 1731 मध्ये डभईजवळ पेशवे बाजीरावांशी लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. तरीही शाहू महाराजांनी मावळातल्या तळेगावच्या या घराण्याकडून पद काढले नाही. धाकटे बंधू यशवंतराव सेनापती झाले. त्रिंबकरावांच्या आई उमाबाईंचे दुःख जाणणारा हा निर्णय उदार होता, पण मला तो चुकीचा वाटतो. सहकारी कर्तबगारीवर राखावा, भरपाई म्हणून नव्हे. गुजरातेतली खरी सत्ता हळूहळू दाभाड्यांचेच सरदार असलेल्या गायकवाडांकडे गेली, तळेगावात मान तेवढा उरला आणि 1751 मध्ये बंडानंतर पेशव्यांनी दाभाड्यांना लोहगडावर कैदेत ठेवले. पद काढले असते तर बंड आधीच झाले असते, असे कोणी म्हणेल. शक्य आहे. बदलही फसतो: अमेरिकेत 1864 मध्ये लिंकन यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी हॅम्लिनऐवजी जॉन्सन आले, आणि लिंकन यांच्या हत्येनंतर जॉन्सन यांच्याच हाती देश गेला. म्हणून निवडीआधी एवढेच विचारावे: उद्या हा एकटा उरला, तर राज्य सांभाळेल का? यशवंतरावांच्या बाबतीत शाहू महाराजांच्या सातारा दरबाराने हे विचारल्याचे दिसत नाही.