लिंपण व दरजभरणी
घराच्या भिंतीचा झिजलेला पृष्ठभाग किंवा विटांमधील पोखरलेले सांधे पुन्हा भरून काढण्याच्या क्रिया. मातीच्या भिंतीस लिंपण आणि विटांच्या भिंतीस दरजभरणी करतात. दोहोंचे तत्त्व एकच आहे : ऊनपावसाची झीज भिंतीच्या मुख्य अंगाने न सोसता सहज बदलता येणाऱ्या मऊ थराने सोसावी. त्यामुळे भिंतीचे आयुष्य बांधणाऱ्याच्या कौशल्याइतकेच राहणाऱ्याच्या निगेवर अवलंबून असते.

वर्धा जिल्ह्यात उन्हाळा कडक असून पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. येथील काळी माती भिजल्यावर फुगते व सुकताना भेगाळते. म्हणून लिंपणाच्या मातीत बारीक गवत, भुसा किंवा शेण मिसळतात. पावसाळा सरल्यावर, दिवाळीपूर्वी भिंती लिंपण्याचा प्रघात होता. हे काम प्रामुख्याने घरातील स्त्रिया करीत. त्यासाठी गवंडी लागत नसे आणि साहित्यही गावातच मिळे.

या परंपरेला सेवाग्राममध्ये वैचारिक अधिष्ठान लाभले. म. गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात आले (१९४० पासून सेवाग्राम). तेथील झोपडीचा खर्च शंभर रुपयांपलीकडे जाऊ नये, तसेच साहित्य व मजूर स्थानिक असावेत, असा त्यांचा आग्रह होता. प्रथम आदी निवास बांधण्यात आले. पुढे मीराबेन यांच्या कुटीत फेरफार होऊन ती ‘बापू कुटी’ झाली. मातीच्या भिंती, लाकूड, बांबू व कवेलू हे तिचे घटक होत. तिच्या भिंतींवर मीराबेन यांनी मातीतच ताडाची झाडे व चरखा उठावात काढले. अशा ठिकाणी लिंपणाचा थर जाड झाल्यास उठावाच्या कडा बुजतात. म्हणून तो पातळ द्यावा लागतो. आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रमाचा समावेश असल्याने घराची निगा स्वतः राखणे हे केवळ काटकसरीचे साधन न राहता आचरणाचा भाग ठरले.

विटांच्या जुन्या घरांत मातीचा किंवा चुन्याचा दर्जा वापरलेला असतो. दरजभरणी करताना सैल झालेला दर्जा सांध्याच्या रुंदीच्या सु. दुप्पट खोलीपर्यंत कोरून काढतात, धूळ झाडतात, विटा ओल्या करतात आणि मूळ जातीचाच नवा दर्जा दाबून भरतात. चुन्याची भरणी काही दिवस ओलसर ठेवावी लागते. हे काम घरच्या माणसास थोड्याथोड्या भागांत करता येते. मात्र एकाच वेळी फार मोठा भाग कोरू नये.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिमेंट सर्वत्र उपलब्ध झाले. वार्षिक निगेतून सुटका करणारे म्हणून ते लोकप्रिय ठरले. परंतु मऊ विटांच्या सांध्यांत कठीण सिमेंट भरल्यास ओल सांध्यावाटे बाहेर पडत नाही. ती विटेत साठून विटेचाच दर्शनी पापुद्रा सुटतो. सांधा पुन्हा भरता येतो, झिजलेली वीट मात्र बदलावीच लागते. शिवाय दुरुस्तीसाठी पैसा व कारागीर यांवर अवलंबून राहावे लागते. वर्धा येथे १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने स्थानिक साहित्यातील अल्पखर्ची घरांवर काम केले, तेही या परावलंबनास पर्याय म्हणूनच.

म. गांधींनी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राम सोडले. ते तेथे परतले नाहीत. त्यांची कुटी मात्र जतन करण्यात आली आहे. दगडी स्मारकाप्रमाणे ती एकदा बांधून सोडून देता येत नाही. तिचा बाह्य थर वेळोवेळी नवा होत असल्यामुळेच तिचे मूळ रूप टिकते. लिंपण जाणणारे हात हा तिच्या जतनाचा आवश्यक घटक असून, खेड्यांतून तो प्रघात लोपल्यास हे ज्ञान टिकविणे अधिकाधिक कठीण होईल.