लग्नाचे फोटो नक्की कोणाचे? फोटोग्राफरचे की तुमचे?

खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये प्री-वेडिंग शूट झालं, वाशीच्या हॉलमध्ये लग्न लागलं. महिन्याभरानं तुमचाच फोटो फोटोग्राफरच्या इन्स्टाग्रामवर जाहिरात म्हणून झळकला, तेही तुम्हाला न विचारता. असं करता येतं का?

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो काढणारी व्यक्ती ही त्या फोटोची कर्ती. पण कलम १७ मध्ये महत्त्वाचा अपवाद आहे. कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम देणारा ग्राहक असतो. म्हणजे जाहिरातीसाठी फोटो वापरताना फोटोग्राफरनं त्याची परवानगी घ्यायला हवी.

नेरूळच्या डीपीएस तलावावर स्वतःहून टिपलेला फ्लेमिंगोचा फोटो मात्र फोटोग्राफरचाच. तो उचलून आपल्या पेजवर टाकणं चुकीचं.

मग अडतं कुठे?

करारात. ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ अशा ओळीखाली तुम्ही सही केली असेल, तर चित्र उलटं होतं. म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी करार पूर्ण वाचा.

‘सगळे रॉ फोटो द्या’

वादाचं हे दुसरं कारण. रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरनं नोंदवलेली कच्ची माहिती. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ छटा मावतात, जेपीईजीमध्ये २५६. त्यामुळे एडिटिंगला वाव मिळतो, पण न एडिट केलेली रॉ फाइल फिकी दिसते आणि अनेक साध्या ॲपमध्ये उघडतही नाही. ती द्यायची की नाही, हे करारातच ठरवावं लागतं.

नवीन फोटोग्राफरसाठी

कॉपीराइट ग्राहकाकडे गेला, तरी कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून नावाचा हक्क तुमचाच राहतो. पोर्टफोलिओसाठी फोटो हवे असतील, तर लेखी परवानगी आधीच घ्या.

करारात हे असू द्या

• एडिट केलेले फोटो किती आणि कधी मिळणार
• रॉ फाइल मिळणार का, वेगळे पैसे किती
• सोशल मीडियावर कोण, कोणते फोटो टाकणार
• फाइल किती महिने जपून ठेवणार
• तारीख बदलली किंवा कार्यक्रम रद्द झाला, तर ॲडव्हान्सचं काय