थायरॉईड आणि उलटलेला पहारेकरी

रोगप्रतिकारक शक्ती परक्या जंतूंपासून आपले रक्षण करते, हे आपण शाळेतच शिकलो. पण हाच पहारेकरी घरातल्या माणसावर काठी उगारू लागला तर? असे घडतच नाही, असे वैद्यकशास्त्र जवळजवळ पन्नास वर्षे मानीत होते.

या समजुतीचे मूळ थोर जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांच्या प्रयोगांत आहे. १९०१ च्या सुमारास त्यांना आढळले की, एका बकऱ्याला दुसऱ्याचे रक्त टोचले तर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. स्वतःच्या रक्तपेशींविरुद्ध मात्र होत नाहीत. शरीराला आत्मविषाची धास्ती असते, असे त्यांनी म्हटले आणि अनुयायांनी त्याचा कायदाच करून टाकला. १९०८ च्या नोबेल मानकऱ्याचे बोल खोडणार कोण?

१९१२ साली जपानच्या हाकारू हाशिमोटो या तरुण शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांत लसीका पेशींची, म्हणजे पहारेकऱ्यांचीच, दाटी झाली होती. त्याने जर्मन भाषेत निबंध लिहिला. पण या पेशी तिथे कशासाठी जमल्या, हे कोडे तसेच राहिले. पुढे तो गावी परतून डॉक्टरकी करू लागला आणि १९३४ मध्ये विषमज्वराने वारला. आज जगभर त्या रोगाला त्याचेच नाव आहे. त्याला बिचाऱ्याला याची कल्पनाही नसेल.

कोडे सुटले १९५६ मध्ये. अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोज व अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉईडचा अर्क, प्रतिक्रिया वाढविणाऱ्या मिश्रणासह टोचला. सशांच्या रक्तात प्रतिपिंडे आली आणि त्यांच्या ग्रंथीत लसीका पेशी घुसल्या. गंमत पाहा, विटेब्स्की हे एर्लिख यांच्याच शिष्यपरंपरेतले! त्याच वर्षी लंडनमध्ये डेबोरा डोनिआख, आयव्हन रॉइट व त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात तशीच प्रतिपिंडे सापडली.

हे घडते कसे? स्वकीयांवर उठणाऱ्या बहुतेक पेशी छातीतील थायमस ग्रंथीतच बाद होतात. काही निसटतात, त्यांना आवरणाऱ्या पेशीही असतात. आनुवंशिक कल, अतिरिक्त आयोडीन अशा कारणांनी हा लगाम सुटला की, थायरॉईडमधील प्रथिने परकी ठरतात आणि ग्रंथी हळूहळू झिजते. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून कितीतरी अधिक आहे.

ग्रंथी पुरेशी मंदावली की रोज थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. ती उणीव भरून काढते. पहारेकऱ्याची समजूत मात्र अजून कोणी घालू शकलेले नाही.