आत्मप्रतिमा आणि चार बाहुल्या

समाजाच्या नजरेतून माणूस स्वतःला पाहू लागतो. मानसशास्त्रातील ‘आत्मप्रतिमा’ या प्राथमिक संकल्पनेचे हे मर्म. केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय अमेरिकन दांपत्याने १९४७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याची साक्ष देतो. ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय बालकांपुढे त्यांनी दोन गोऱ्या, दोन तपकिरी बाहुल्या ठेवल्या. वाईट दिसणारी बाहुली मागताच ५९ टक्के बालकांनी तपकिरी बाहुली दिली. स्वतःसारखी बाहुली निवडताना काहींना रडू कोसळले. ही हीनभावना जन्मजात नव्हती. व्यवस्थेने ती लादली होती. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले आणि निकालात क्लार्क यांच्या संशोधनाचा दाखला दिला. विषमतेने बालमनावर केलेली जखम अखेर न्यायासनापुढे पुरावा ठरली.