बोट की बंदर?

गेल्या महिन्यात दादरच्या आमच्या इमारतीत एक वाद चांगलाच रंगला. तळमजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलाने आईवडिलांना समुद्रसफरीला, म्हणजे हल्लीच्या भाषेत क्रूझला, पाठवायचे ठरवले होते. माहितीपत्रके टेबलावर पसरलेली. काकांचे म्हणणे, आधी जायचे कुठे ते ठरवा, गोवा की लक्षद्वीप. बोट काय, कोणतीही चालेल. काकूंचे म्हणणे नेमके उलट. "तीन दिवसांतले दोन दिवस बोटीवरच काढायचेत. मग बोट कशी आहे ते नको बघायला?" एकमत होईना, तेव्हा जिना उतरत असलेल्या मला दोघांनी गाठले. "सर, तुम्ही इतिहास शिकवता ना? मग सांगा बघू, बोट महत्त्वाची की बंदर?"

इतिहासाच्या माणसाला सल्ला विचारला की तो उत्तर देत नाही, शंभर वर्षे मागे जातो. ही आमची खोडच आहे. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत जे वाचले आणि आठवले, ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

श्रोतेहो, पहिली गोष्ट ही, की आपल्या लोकांना असा प्रश्न पूर्वी पडतच नसे. गिरगाव, परळ, लालबाग, दादर इथल्या चाळींत राहणारा कोकणातला चाकरमानी बंदर निवडीत नव्हता. बंदर त्याच्या जन्माबरोबरच ठरलेले असे. कुणाचे हर्णै, कुणाचे दाभोळ, कुणाचे जयगड, कुणाचे विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. घाट आणि खाड्या ओलांडून जाणारा खुष्कीचा रस्ता बिकट, आगगाडी तर नव्हतीच. म्हणून शिमग्याला, मे महिन्यात, लग्नकार्याला जायचे म्हणजे बोटीनेच जायचे. पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या बोटी बंद. मग घरून पत्र आले तरी माणूस इकडे आणि जीव तिकडे.

माझी आजी मालवणकडची. आजोबा परळला गिरणीत. गावाविषयी आजीला विचारले तर ती चार वाक्यांत आटपायची. बोटीविषयी विचारले की मात्र तासभर बोलायची. धक्क्यावर धावत जाऊन डेकवर वळकटी पसरून जागा कशी धरायची, तेलाच्या आणि वाफेच्या वासाने पोटात कसे ढवळायचे, बोट लागू नये म्हणून तोंडात आवळकाठी कशी धरायची. गावाशी आले तरी बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही, आणि खालून पडाव येत. बोट वर, पडाव खाली, मध्ये लाट. खलाशी "उतरा, उतरा" म्हणून ओरडायचे आणि बायकांना, पोरांना अक्षरशः उचलून पडावात ठेवायचे. आजी म्हणायची, "तेवढा एक क्षण देव आठवायचा रे, बाकी सगळा प्रवास गप्पांत जायचा."

म्हणजे बंदर ठरलेलेच होते. पण बोटीची निवड अजिबात नव्हती असे मात्र नाही. होती. ती आपल्या लोकांनी कशावरून केली, हे पाहण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकण किनाऱ्यावर शेफर्ड कंपनीच्या आगबोटी फिरू लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वंगभंगाची चळवळ झाली, स्वदेशीचे वारे सुटले, आणि आपल्या किनाऱ्यावर आपल्याच बोटी असाव्यात अशी ईर्ष्या निर्माण झाली. त्यातून निघालेली देशी कंपनी कोकणात 'माझी आगबोट कंपनी' या नावाने ओळखली जाई. नावातला तो 'माझी' शब्द पाहा! तिकीट काढणारा मनुष्य नुसता उतारू राहिला नाही, तो मालक झाला.

हीच गोष्ट दक्षिणेत अधिक जोराने घडली. चिदंबरम् पिळ्ळे यांनी १९०६ साली तुतिकोरिनला स्वदेशी आगबोट कंपनी काढली. जहाज मिळवण्यासाठी ते मुंबईलाही येऊन गेले. तुतिकोरिनहून कोलंबोला जायचे. बंदर तेच, अंतर तेच. गोऱ्या कंपनीने भाडे उतरवत आणले, शेवटी फुकट नेण्याची तयारी दाखवली, वर एक छत्री भेट! तरीही पैसे मोजून देशी बोटीत बसणारी माणसे निघाली. १९०८ साली पिळ्ळे यांना तुरुंगात टाकले, आणि १९११ साली कंपनी बुडाली. पण फुकटची छत्री नाकारणाऱ्या त्या उतारूंनी बोट निवडली होती, बंदर नव्हे.

आपल्या मुंबईतही असा दिवस उगवला. ५ एप्रिल १९१९ रोजी वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. लंडनला जायला इतर बोटी का नव्हत्या? होत्या, आणि सरसही होत्या. 'लॉयल्टी' काही नवी कोरी नव्हती. १८९१ पासून ती 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने प्रशांत महासागरात चालत होती. पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेतली आणि महायुद्धात ती इस्पितळाची बोट झाली. सिंदियाकडे आली तेव्हा तिने पंचवीस वर्षे ओलांडली होती, आणि १९२३ साली ती मोडीतही निघाली. तरी ५ एप्रिल हा दिवस आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. त्या सफरीत लंडन हे निमित्त होते. बोट आपली होती, हे खरे प्रयोजन.

तर बोट निवडण्याची ही एक रीत झाली, निशाण पाहून. दुसरी रीत होती नाव पाहून. वारकऱ्यांच्या, रामभक्तांच्या महाराष्ट्रात बोटींना 'तुकाराम', 'रामदास' अशी नावे ठेवली गेली. संतांचे नाव असलेल्या बोटीत पाऊल टाकताना भाविक माणसाला धीर वाटे. यात हसण्यासारखे काही नाही. आपणही मोटारीवर गणपती लावतोच. पण समुद्र नाव वाचत नाही. १९२७ साली 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. आणि वीस वर्षांनी 'रामदास'.

१७ जुलै १९४७. गुरुवार, आषाढातली अमावास्या. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलेले. 'रामदास' सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. ऐन पावसाळा, पण रेवसचा पल्ला जवळचा, दीडेक तासाचा, म्हणून ही वाहतूक चालू असे. कुणी सणाला घरी निघालेले, कुणी कामाला. उतारू मोजायचे तर शेकड्यांनी. काशाच्या खडकाजवळ वारा-पाऊस वाढला, मोठी लाट आली, बोट कलंडली, घाबरलेली माणसे एका बाजूला लोटली गेली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबई इतकी जवळ, आणि मुंबईला कित्येक तास पत्ताच नाही! लाटांबरोबर झुंजत एक मुलगा गेटवेपाशी येऊन लागला, तेव्हा शहराला बातमी कळली असे सांगतात. रेवसकडच्या कोळ्यांनी मात्र वाट पाहिली नाही. मुंबईच्या बाजाराला निघालेली आपली मासळी पाण्यात टाकून त्यांनी बुडणाऱ्यांना गलबतांत ओढून घेतले, अशी आठवण त्या किनाऱ्यावर आजही सांगितली जाते. त्या सकाळी आपले बंदर विसरून समोरच्या माणसाकडे पाहणारे तेवढेच.

आता विचार करा. त्या सकाळी धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपण कुठे जाणार हे पक्के ठाऊक होते. बोटीचे नावही ठाऊक होते. पण बोटीत किती माणसे घेतली आहेत, संकट आले तर निरोप कसा पाठवणार, तरंगायची साधने कुठे आहेत, हे कुणी विचारले असेल? आणि विचारले असते तर उत्तर कुणी दिले असते? गरीब उतारूला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे, हेच त्या काळी कुणाला मान्य नव्हते. पहिल्या वर्गाचा उतारू बोट निवडतो आणि डेकवरचा उतारू बंदर गाठतो, अशी ती वाटणी होती.

कुणी म्हणेल, बोट कितीही चांगली असली तरी दैवापुढे काय? हे म्हणणे अगदीच खोटे नाही. आमच्या दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेब आंबेडकरांचे 'राजगृह' आहे. ते घर त्यांनी पुस्तकांसाठी बांधले, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या ग्रंथप्रेमाला १९१७ साली मोठा घाव बसला होता. बाबासाहेब विलायतेहून परतले ते एका बोटीने. त्यांची पुस्तके येत होती दुसऱ्या बोटीने. जर्मन पाणबुडीने ती दुसरी बोट बुडवली. मालक सुखरूप उतरला, ग्रंथ तळाला गेले. तिथे निवडीला काही अर्थ नव्हता. ते युद्ध होते. पण 'रामदास'च्या वेळी युद्ध नव्हते. जे दैवाचे आहे ते दैवावर घालावे, जे निष्काळजीपणाचे आहे ते घालू नये.

पुढे रस्ते सुधारले, एस.टी. आली, कोकणच्या बोटी तोट्यात जाऊन बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि बोटीची गरजच संपली. गरज संपली तेव्हा हौस सुरू झाली. २०१८ साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' ही आरामबोट निघाली; ती फार काळ चालली नाही. २०२१ पासून 'एम्प्रेस' मुंबईहून सफरी करू लागली. ही बोट १९९० साली बांधलेली, म्हणजे तीही 'लॉयल्टी'सारखी दुसऱ्या समुद्रावरून आपल्याकडे आलेली, आणि गंमत म्हणजे 'लॉयल्टी'चे मूळ नावही एम्प्रेसच. २०२५ साली मुंबई बंदरात या सफरींसाठी नवे मोठे टर्मिनलही झाले. रात्रभर बोटीवर राहून गोव्याला जाणाऱ्याला गोव्याची घाई नसते. घाई असेल तर तो विमानाने जाईल. त्याच्या दृष्टीने बोट हेच बंदर. तिथे पोहण्याचा तलाव आहे, नाटक आहे, सुग्रास जेवण आहे. तेव्हा काकूंचे म्हणणे आजच्या काळात खरेच आहे.

पण मला भीती वाटते ती वेगळीच. पूर्वी आपण निशाण पाहून बोट निवडली, नाव पाहून निवडली. आता सजावट पाहून निवडतो. आणि बोटीविषयीचा मूळ प्रश्न तसाच राहतो. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे चार हजारांवर माणसे असलेले आलिशान जहाज एका बेटाच्या फार जवळून नेले गेले, खडकावर आपटले आणि ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या पुष्कळ उतारूंना संकटात कुठे जमायचे हे अजून दाखवलेले नव्हते. चोवीस तासांच्या आत दाखवले तरी चाले, असा तेव्हा नियम होता. त्यानंतर नियम बदलला: जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी ही कवायत झालीच पाहिजे.

आणि इटलीपर्यंत जायलाही नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीची लेणी पाहायला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या एका वेगवान बोटीची धडक बसली. पंधरा माणसे मृत्यू पावली. धडकेचा दोष उतारूंच्या बोटीचा नव्हता. पण तिला परवाना होता ८४ उतारूंचा, आणि आत होते शंभराहून अधिक. गेटवेवर उभा राहणारा पर्यटक लेण्यांचा विचार करतो, बोटीचा करीत नाही. 'रामदास'नंतर सत्त्याहत्तर वर्षांनीही आपली ही सवय गेलेली नाही.

चार दिवसांनी मी तळमजल्यावर गेलो. काकांना म्हटले, बंदर तुमच्या मनासारखे निवडा. ते आवडीचे काम आहे, त्यात इतिहास लुडबुड करीत नाही. पण बोटीविषयी चार प्रश्न आधी विचारा. परवाना किती माणसांचा आहे? जीवरक्षक जाकिटे कुठे ठेवलेली असतात? निघण्यापूर्वी कवायत होते का? आणि हवा बिघडली तर सफर रद्द करतात का? तलाव आणि नाटक त्यानंतर.

"म्हणजे हीच जिंकली तर," काका कुरकुरले.

काकूंनी लगेच फोन फिरवला आणि पहिलाच प्रश्न जाकिटांचा विचारला. पलीकडचा मुलगा जरा गडबडला. म्हणाला, "मॅडम, खोलीला खिडकी आहे का, जेवण शाकाहारी मिळेल का, हे सगळे विचारतात. हे अजून कुणी विचारलं नव्हतं. थांबा, मी विचारून सांगतो."

काकू फोन कानाला धरून थांबून राहिल्या.