बूट शिवणारा जामीनदार

जॉन ऑगस्टस हा बोस्टनचा बूट शिवणारा कारागीर. १८४१ साली तो कोर्टात एका दारुड्याला जामीन राहिला, पुढे मुलांनाही. १८४७ मध्ये त्याने सात ते पंधरा वर्षांची १९ मुले सोडवली. जामिनाचा कागद झाला की सुटलो, असे त्याचे नव्हते. शाळा किंवा काम पाहायचे, पोरावर लक्ष ठेवायचे आणि पाच-सहा महिने दर महिन्याला कोर्टात उभे राहून त्याची हकिगत सांगायची. पगार शून्य! उलट फी बुडते म्हणून कोर्टाची माणसे त्याच्यावर चिडलेली.

१८५९ मध्ये तो वारला. मॅसॅच्युसेट्सने पगारी प्रोबेशन ऑफिसरचा कायदा केला तो १८७८ साली. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातला परिवीक्षा अधिकारीही त्याच वंशातला. मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल त्याने द्यायचा असतो. त्यासाठी तो मुलाच्या घरी किती वेळा जातो?